बदली बापाची, नाव लेकीचं



गेल्या महिन्यात माझ्या भाचीच्या मुलीचा अमेरिकेहून व्हिडिओ कॉल आला. वय वर्षं एकोणीस. ती एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जाते आहे. मला वाटलं, फी, खोली, थंडी असलं काही विचारेल. तिनं विचारलं, "आजोबा, मी इथे सोरोरिटीत आहे. आता कॉलेज बदलल्यावर मी तिथली राहीन का?"

सोरोरिटी म्हणजे काय, हे आधी मलाच तिच्याकडून समजून घ्यावं लागलं. कॉलेजातल्या मुलींचं भगिनीमंडळ. रीतसर प्रवेश, शपथ, वर्गणी, एकत्र राहणं, सेवेची कामं. जुनी गोष्ट आहे ही. यातलं अगदी सुरुवातीचं एक मंडळ १८५१ साली जॉर्जिया राज्यात मॅकन गावच्या मुलींच्या कॉलेजात सुरू झालं. आपल्याकडे पुण्यात भिडेवाड्यातली मुलींची शाळा तेव्हा तीन वर्षांची होती. तिथला साधारण नियम असा, की एकदा झालेली सदस्य जन्मभर सदस्य. पण नव्या कॉलेजात त्याच मंडळाची शाखा असेल, तर त्या शाखेनं तिला आपल्यात घ्यायला हवं. शाखाच नसेल, तर ती माजी विद्यार्थिनींच्या यादीत जाते.

म्हणजे नाव पुसलं जात नाही, पण काम करायला जागा मिळेलच असंही नाही. पोरीची काळजी तीच होती. मी म्हटलं, "बेटा, याचं उत्तर मला ठाऊक आहे. पण ते मी फार महाग किमतीत शिकलो, आणि ती किंमत मी भरलेली नाही. तुझ्या मावशीनं भरली."

आज तीच गोष्ट तुम्हाला सांगणार आहे. बत्तीस वर्षं फौजेत काढली, भाषणं पुष्कळ केली. ही गोष्ट मात्र कधी जाहीरपणे सांगितली नव्हती. मुलीची परवानगी घेतली आहे.

२००७ सालचा जून. मी पुण्यात होतो. बदली आली वाराणसीला, एनसीसीच्या एका बटालियनचा कमांडिंग ऑफिसर म्हणून. एनसीसी म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना. तुमच्यापैकी अनेकांनी कॉलेजात ती खाकी घातली असेल. १९४८ च्या कायद्यानं ती उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी मुलींसाठी वेगळा विभाग निघाला. आपल्या देशात सोरोरिटी नाही, पण पहाटे साडेपाचला एका रांगेत उभ्या राहणाऱ्या, शिबिरात दहा दिवस एका तंबूत झोपणाऱ्या, एकमेकींचे बूट चमकवणाऱ्या पोरी आहेत. त्यांचं भगिनीमंडळ हेच.

आमची थोरली तेव्हा बीएस्सीचं पहिलं वर्ष संपवून बसली होती. एनसीसीचंही पहिलं वर्ष झालं होतं, एक शिबिर झालं होतं. तिला फौजेत जायचं होतं. हिशोब साधा असतो. दोन वर्षं पूर्ण, ठरलेली हजेरी आणि शिबिर झालं, की 'बी' प्रमाणपत्राची परीक्षा. तिसऱ्या वर्षी 'सी'. आणि 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असेल, पदवीला पन्नास टक्के असतील, तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीच्या मुलाखतीपर्यंत जाता येतं. तिथून चेन्नईची अकादमी. तिनं हा हिशोब कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला होता.

तिला पुण्यात वसतिगृहात ठेवायचं की बरोबर न्यायचं, हे मी ठरवलं. तिला विचारलं होतं, असं म्हणता येईल. पण उत्तर ऐकायला थांबलो नव्हतो.

आता फौजेतली एक पद्धत सांगतो. एखाद्या जवानाची पुण्याहून लेहला बदली झाली, तर त्याच्या हातात मूव्हमेंट ऑर्डर असते, रेल्वेचा वॉरंट असतो. वाटेत ट्रान्झिट कॅम्प असतो. जुन्या युनिटनं त्याला आपल्या पटावरून कधी काढलं आणि नव्या युनिटनं कधी घेतलं, याची तारीखवार नोंद असते. प्रवासाला सहा दिवस लागोत नाहीतर दहा, तो कुणाच्याच पटावर नाही, असं एक मिनिटही नसतं. सातव्या दिवशी पोहोचला नाही, तर दोन्हीकडून निरोप सुटतात, माणूस कुठे आहे? ही पद्धत मी हजारो जवानांसाठी राबवली. कागदाला एक दिवस उशीर झाला, म्हणून कारकुनाला उभं केलं.

आणि आमच्या घरची बदली कशी झाली, ऐका. माझी मूव्हमेंट ऑर्डर घेतली. गॅसचं कनेक्शन ट्रान्सफर करून घेतलं. धाकट्याच्या शाळेचा दाखला घेतला. मुलीचा कॉलेजचा दाखला आणि विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट घेतलं. कुत्र्याच्या रेल्वे प्रवासाची पावतीसुद्धा फाडली. ट्रंकांवर पांढऱ्या रंगानं नंबर घातले. एकच कागद राहिला. मुलीचा एनसीसीतला नोंदणी क्रमांक, वर्षभराची हजेरी, शिबिराचा दाखला आणि 'ही कॅडेट इथून तिथे जात आहे' असं जुन्या युनिटचं पत्र. कुणाच्या लक्षात आलं नाही. घरात एनसीसीचा कमांडिंग ऑफिसर असताना.

बनारसला पोहोचलो. तुम्ही कधी गेला असाल, तर माहीत असेल, मराठी माणसाला ते गाव अगदीच परकं नाही. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत. अहिल्याबाईंच्या नावाचा घाट आहे. अस्सीजवळ भदैनीला राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान आहे. पण कॉलेजात नव्यानं गेलेल्या पोरीला अहिल्याबाईंचा काय उपयोग? तिथली हिंदी वेगळी, चेष्टा वेगळी, वर्गातल्या मैत्री आधीच जुळलेल्या. एका महिला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. तिथे एनसीसी होती, माझ्या नव्हे तर दुसऱ्या बटालियनच्या अखत्यारीत.

ती पहिल्याच आठवड्यात तिथल्या एनसीसीच्या मॅडमना भेटली. त्या म्हणाल्या, "कागद आणा. आणि जागा मर्यादित आहेत. निघाली तर पाहू." त्यात त्यांचं काही चुकलं नाही. प्रत्येक कॉलेजला मंजूर संख्या असते.

मुलगी घरी आली. म्हणाली, "बाबा, तुम्ही एक फोन कराल का?"

मी म्हणालो, "नाही. मी इथे वर्दीत आहे. माझ्या पोरीसाठी मी शब्द टाकणार नाही. नियमानं होईल ते होईल."

खरं सांगतो, त्या रात्री मला स्वतःचा अभिमान वाटला होता. बायको म्हणाली, "अहो, ती जागा मागत नाहीये, कागद मागतेय." मी म्हणालो, "तुला यातलं कळत नाही."

मुलीनं मग स्वतःच पुण्याला पत्र लिहिलं. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. तिच्या पुण्यातल्या मैत्रिणीनं चार खेटे घातले. कागद पोस्टानं आले, तेव्हा डिसेंबर उजाडला होता. भरती संपली होती, जागा भरल्या होत्या. ते वर्ष गेलं.

आता जे सांगतो, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जानेवारीतली सकाळ. बनारसचं धुकं म्हणजे हात लांब केला तर बोटं दिसू नयेत. मी जीपमधून एका कॉलेजच्या पाहणीला निघालो होतो आणि वाटेत तिच्या कॉलेजचं मैदान लागलं. गाडी थांबवली. मुलींची परेड चालू होती. खाकी गणवेश, टोपीवर लाल तुरा. आणि रांगेच्या शेवटी, दोन हात सोडून, सलवार-कमीज आणि स्वेटर घातलेली एक मुलगी सावधानमध्ये उभी होती. आमची.

मला कळलंच नाही. घरी ती सांगायची, "ग्राउंडवर जाऊन येते." मला वाटायचं धावायला जात असेल.

हजेरी चालू होती. सीनियर अंडर ऑफिसर मुलगी, रामनगरकडची, खणखणीत आवाज. नावं संपली. वही मिटली. आणि वही मिटल्यावर तिनं हाक दिली, "और पूनावाली?"

आमच्या पोरीनं टाचा जुळवल्या. "हाजिर!"

ती हजेरी कुठल्या कागदावर लागली नाही. कुठल्या परीक्षेला धरली गेली नाही. पण त्या मुलींनी तिला त्या वर्षभर एकही दिवस गैरहजर ठेवलं नाही. मी तसाच जीपमध्ये बसलो, ड्रायव्हरला म्हटलं, चला. उतरायचं धाडस झालं नाही.

नंतर हळूहळू समजलं, ती काय काय करत होती. परेड हिंदीतच चालते, आसेतुहिमाचल एकच. 'सावधान', 'विश्राम', 'दाहिने देख' पुण्यात जे, तेच बनारसला. कॉलेजातली हिंदी तिला अडखळवायची, पण मैदानावरची एकही आज्ञा नवी नव्हती. म्हणून तिनं मैदान धरलं. पहिल्या वर्षाच्या मुलींना ती ड्रिल शिकवायची. पॉइंट टू टू रायफलची नेम धरण्याची पद्धत जमिनीवर झोपून, हातात छत्री घेऊन समजावायची. शिबिराला तिला जाता येत नव्हतं, म्हणून शिबिराला जाणाऱ्यांच्या ट्रंका भरून द्यायला जायची. १९ नोव्हेंबरला, लक्ष्मीबाईंच्या जयंतीला, सगळ्याजणी भदैनीला गेल्या. तिथे मुलींनी हिलाच पुढे केलं, "तू मराठी, तू बोल." ती काय बोलली, हे मला बऱ्याच वर्षांनी तिनं सांगितलं. ती म्हणाली होती, "मनूसुद्धा इथून वडिलांच्या मागे निघाली होती."

खरंच आहे ते. मोरोपंत तांबे काशीत चिमाजी अप्पांच्या आश्रयाला होते. अप्पा गेल्यावर त्यांना बिठूरला पेशव्यांकडे जावं लागलं. लहानगी मनकर्णिका त्यांच्याबरोबर गेली. बदली बापाची, गाव सुटलं लेकीचं.

पुढच्या सत्रात जागा निघाली आणि तिचं नाव पटावर आलं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ती 'बी'ची परीक्षा पास झाली. पण तोवर पदवी हातात आली होती. 'सी' राहिलं ते राहिलंच. स्पेशल एंट्रीचं दार बंद. तिनं दुसऱ्या मार्गानं, लेखी परीक्षा देऊन प्रयत्न केला. अलाहाबादच्या एसएसबीपर्यंत पोहोचली. निवड झाली नाही. 'सी' असतं तर झाली असती का? सांगता येत नाही. एसएसबी कुणाच्या बापाची नसते. पण एक जास्तीची संधी तिच्या हक्काची होती, आणि ती तिच्या हातून सुटली नव्हती, माझ्या हातून सुटली होती.

हे मला समजलं कसं, तेही सांगतो. २००९ च्या जुलैमध्ये माझ्याच बटालियनच्या एका कॉलेजातून एक मुलगी ऑफिसात आली. सोलापूरची. वडील रेल्वेत, बदली होऊन बनारसच्या डीझेल इंजिन कारखान्यात आलेले. हातात प्लास्टिकची फाइल. उघडली तर नोंदणी क्रमांक, हजेरीचा उतारा सहीशिक्क्यासह, शिबिराचा दाखला, जुन्या युनिटचं आमच्या नावाचं पत्र. सगळं एकावर एक. मी विचारलं, "हे कुणी सांगितलं तुला जमवायला?" म्हणाली, "आईनं. ती म्हणाली, गॅसचे कागद घेतोय तर तुझेही घे."

बारा दिवसांत तिचं नाव पटावर आलं. कुणाचा फोन नाही, शब्द नाही, ओळख नाही. मी फक्त सही केली.

त्या दिवशी मी खुर्चीत बसून राहिलो. दोन वर्षांपूर्वी मी ज्याला वशिला समजून नाही म्हटलं, तो वशिला नव्हताच. मुलीनं माझ्याकडे जागा मागितली नव्हती. पुण्याच्या ऑफिसात एक फोन करून 'कागद पाठवा' म्हणणं, हे कुठल्याही बापानं करायचं काम होतं. कर्नल असण्याशी त्याचा संबंध नव्हता. हक्काची गोष्ट वेळेवर मागणं आणि मेहेरबानी मागणं, यातला फरक मला छप्पन्न कायदे पाठ असून कळला नाही. माझ्या प्रामाणिकपणाची किंमत तिनं चुकती केली, आणि तो प्रामाणिकपणाही नव्हता. आळस होता, त्याला मी तत्त्वाची टोपी घातली होती.

संध्याकाळी घरी जाऊन तिची माफी मागितली. ती म्हणाली, "बाबा, ते जाऊ द्या. तुमच्या बटालियनमधून जाणाऱ्या मुलींचं काय करता, ते सांगा."

मग आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. कॉलेज सोडणाऱ्या प्रत्येक कॅडेटला, मागितला नाही तरी, त्याच दिवशी कागदांचा संच द्यायचा. आणि ती जिथे चालली आहे, तिथल्या युनिटला एक पत्र आपणहून टाकायचं, 'अमुक कॅडेट तुमच्याकडे येत आहे.' जवानासाठी जे करतो, तेच. त्यात वेगळं काही नव्हतं.

मंडळी, पोरं कॉलेज का बदलतात, याचा जरा विचार करा. मुलगा बहुधा स्वतःच्या मनानं बदलतो. मुलगी बहुधा दुसऱ्याच्या कारणानं. वडिलांची बदली, आजीचं आजारपण, धाकट्याचा क्लास, लग्न. निर्णय तिचा नसतो. मग निदान त्या निर्णयात तिचं जे तुटतं, ते जोडण्याची जबाबदारी तरी तिच्या एकटीवर का असावी? आज मुलींसाठी दारं उघडत आहेत. १९९२ मध्ये महिलांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात झाली, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम कमिशनचा निकाल दिला, २०२२ मध्ये एनडीएत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या सतरा जणी खडकवासल्याहून बाहेर पडल्या. दार उघडं असून पोरगी कागदापायी उंबऱ्याबाहेर राहिली, तर दोष दाराचा नाही.

तेव्हा तुमच्या घरी या वर्षी बदलीची ऑर्डर आली, तर हे करा. एनसीसी असो, एनएसएस असो, खेळाचा संघ असो, मुलीला विचारा, 'तू कशात आहेस?' उत्तर ऐकायला थांबा. एनएसएसचेही तास मोजले जातात, वर्षाला एकशेवीस, दोन वर्षांत दोनशे चाळीस आणि सात दिवसांचं शिबिर. त्याचीही नोंद सहीशिक्क्यासह घ्या. आता बरंच काही संगणकावर आलं आहे, तरी हातात एक प्रत असू द्या. नवं कॉलेज निवडताना तिथे ते पथक आहे का, जागा आहेत का, हे प्रवेशाआधी विचारा. प्रवेश झाल्यावर विचारलं तर उत्तर ऐकण्यापलीकडे काही हाती राहत नाही.

मुलींनो, तुम्हाला एवढंच सांगतो. नाव पटावर यायची वाट पाहत घरी बसू नका. मैदानावर जा. शेवटी उभ्या राहा. काम मागा. आणि तुम्ही आधीपासून रांगेत असाल, तर बाजूला कुणी नवी उभी आहे का, ते पाहा. वही मिटल्यावर एक हाक द्यायला काही लागत नाही.

अमेरिकेतल्या नातीलाही हेच सांगितलं. म्हटलं, निघण्याआधी इथल्यांना सांग, लेखी घे, तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन भेट. त्यांनी घेतलं तर उत्तम. नाही घेतलं, तरी त्यांच्या कामाला हात लाव. ती म्हणाली, "आजोबा, अपमान वाटेल." मी म्हटलं, "तुझ्या मावशीला विचार."

मावशी आता पुण्यात एका बँकेत आहे. दोन मुलं आहेत. खाकी पेटीत आहे. बनारसच्या त्या मुली कुठे कुठे पांगल्या, कुणी शिक्षिका, कुणी पोलिसात, कुणी घर सांभाळते. त्यांचा मोबाइलवर गट आहे. नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी एनसीसी दिवस असतो. त्या सकाळी ती रामनगरची सीनियर गटावर हजेरी घेते. एकेक नाव. आणि शेवटी, दर वर्षी, तीच ओळ येते, "और पूनावाली?"

आमची चहा ठेवता ठेवता एका हातानं उत्तर लिहिते. मी समोर बसलेला असतो, पेपर वाचत असल्यासारखा.

जय हिंद.